उभ्या पिकातला नांगर

आमच्या घरात मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा सुखाने नांदतात. माझं माहेर बेळगावातलं, शहापूरचं. सासर बैलहोंगलकडचं, शेतकऱ्याचं. सासूबाईंशी मी कन्नडमध्ये बोलते आणि त्या माझ्याशी मुद्दाम मराठीत बोलतात. त्यामुळे चुका दोघींच्याही होतात आणि हिशेब आपोआप फिटतो.

2023 सालच्या डिसेंबरात एका संध्याकाळी मी त्यांना सांगत होते, की नाताळच्या सुट्टीत मी दादाबरोबर शिडाच्या बोटीने नेत्राणी बेटाकडे जाणार आहे आणि एक रात्र तिथेच नांगर टाकून राहायचं आहे. सासूबाई शेंगा सोलत होत्या. हात थांबवून म्हणाल्या, "होलदागू नेगिला, समुद्रदागू नेगिला?" म्हणजे शेतातही नांगर आणि समुद्रातही नांगर?

मी हसले. कन्नडमध्ये ही पंचाईत नाही. शेतातला तो नेगिलु आणि जहाजाचा तो लंगरु. मराठीत मात्र दोन्हींना एकच शब्द. वर्गात मी मुलांना सांगते, की शेतातला नांगर संस्कृत 'लांगल' या शब्दावरून आला आणि गलबताचा नांगर फारसी 'लंगर'शी नातं सांगतो. दोघे दोन गावचे, पण मराठीत येऊन एका नावाने राहू लागले. सासूबाईंनाही तेच सांगितलं. त्या म्हणाल्या, "नाव एक असलं की कामबी एक असतंय. जमिनीत घुसायचं." मी तो विनोद म्हणून सोडून दिला. तो विनोद नव्हता, हे मला दहा-बारा दिवसांनी कळलं.

दादा म्हणजे माझा मावसभाऊ. व्यापारी जहाजांवर पंचवीस वर्षं काढून तो गोव्यात स्थायिक झाला आणि त्याने तीस फुटी जुनी शिडाची बोट घेतली. "एकदा तरी चल," असं तो दर दिवाळीला म्हणायचा आणि मी दर दिवाळीला पेपर तपासणीचं कारण सांगायची. या वेळी हो म्हणण्याचं कारण समुद्र नव्हता. कारण होतं माझी मुलगी.

ती कारवारला सागरी जीवशास्त्र शिकली. एम.एस्सी. झाल्यावर तिथेच एका प्रकल्पावर काम करत होती. कारवार काय, बेळगावहून सकाळी निघालं की जेवायला पोचता येतं, म्हणून माझी तक्रार नव्हती. पण ऑक्टोबरात तिने फोन करून सांगितलं, की लक्षद्वीपमध्ये प्रवाळांच्या पाहणीचं वर्षभराचं काम मिळतंय आणि जानेवारीत रुजू व्हायचं आहे. मी नाही म्हटलं. कारणं माझ्याजवळ तयार होती. कोचीहून जहाजाने जायचं, पावसाळ्यात जहाजांचा भरवसा कमी, छत्तीस बेटांतल्या जेमतेम दहांवर वस्ती, सगळ्या बेटांची जमीन मिळून बत्तीस चौरस किलोमीटर! भाषा मल्याळम, मिनिकॉयला तर महल. दोन भाषांत वाढलेल्या पोरीला तिसरी जड नाही, हे मलाही ठाऊक होतं. पण आईला 'नाही' म्हणायला कारण पुरतं, ते खरं असावं लागत नाही.

त्यानंतर दोन महिने आमचे फोन 'जेवलीस का' आणि 'ठेवते' एवढ्यावर आले. ह्यांनी मध्यस्थी करून पाहिली आणि दोन्हीकडून बोलणी खाल्ली. शेवटी दादानेच युक्ती केली. मला म्हणाला, "तू पणजीहून बोटीत बस. लेक कारवारला चढेल. बोटीवर रुसून जायला दुसरी खोली नसते."

24 डिसेंबरला उजाडता उजाडता आम्ही मांडवीच्या मुखातून बाहेर पडलो. बोटीवर तिघे: दादा, मी आणि वेंगुर्ल्याचे एक वयस्कर खलाशी. त्यांना सगळे काका म्हणतात. शाळेच्या भूगोलात पाठ केलेले खारे वारे आणि मतलई वारे त्या दिवशी मला पहिल्यांदा अंगावर भेटले. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा गार मतलई वारा शीड भरत होता. नऊ-दहाच्या सुमारास तो पडला. शीड ओल्या धोतरासारखं लोंबायला लागलं. दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटला आणि बोट एका कुशीवर कलून पळू लागली. वीस वर्षं मी 'वारा फिरला' हा वाक्प्रचार शिकवते. वारा खरोखर घड्याळ लावल्यासारखा रोज फिरतो आणि किनाऱ्यावरची सगळी मासेमारी त्या घड्याळावर चालत आली, हे मला नव्याने समजलं. कारण साधं आहे. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते आणि रात्री लवकर निवते.

संध्याकाळी कारवारजवळ आलो. अंजदीव बेट लांबूनच पाहिलं. 1498 मध्ये परतीच्या वाटेवर वास्को द गामाची जहाजं इथे थांबली होती आणि 1961 च्या डिसेंबरात गोवा मुक्तीच्या वेळी आपल्या नौसैनिकांनी इथे प्राण दिले. आता ते नौदलाच्या ताब्यात आहे, तिकडे फिरकायची मुभा नाही. दादाने बराच वळसा घालून काळी नदीच्या मुखासमोरच्या कूर्मगड बेटाच्या आडोशाला बोट नेली. इथे नरसिंहाचं देऊळ आहे. पौष पौर्णिमेला जत्रा भरते, तेव्हा कारवारची माणसं होड्या भरभरून येतात. आम्ही गेलो तेव्हा बेट गप्प होतं.

अंधार पडायच्या आत एका होडीतून लेक आली. पाठीवर पिशवी, हातात पाण्यात बघायचा चष्मा. "मामा!" म्हणून दादाच्या गळ्यात पडली, काकांना नमस्कार केला. मला म्हणाली, "दमलीस?" मी म्हटलं, "नाही." झालं आमचं बोलणं.

पहाटे तीनला मतलई वारा धरून आम्ही निघालो. गोकर्णाचा किनारा उजेडात डावीकडून सरकत गेला. दिवसभरात पन्नासेक सागरी मैल कापून तीनच्या सुमारास नेत्राणी समोर आलं.

मुर्डेश्वरपासून समुद्रात सुमारे एकोणीस किलोमीटरवर हे बेट आहे. आकाशातून काढलेल्या छायाचित्रात त्याचा आकार बदामासारखा दिसतो. पण समुद्रातून बघताना दिसतात ते पाण्यातून सरळ उठलेले काळे कडे आणि त्यांच्या डोक्यावर दाट झाडी. वाळूचा किनारा नाही, माडांची रांग नाही. सिनेमात दाखवतात तसलं बेट हे नव्हे. माणसांची वस्ती नाही. इंग्रजांनी याला कबुतरांचं बेट म्हटलं. पांढऱ्या पोटाचे समुद्रगरुड इथे घरटी करतात आणि कड्यांच्या कपारींत पाकोळ्या राहतात. किनाऱ्यावरचे कोळी नवस फेडायला इथे बकऱ्या सोडतात. एके काळी नौदल या बेटावर तोफांचा सराव करत असे. म्हणजे एकाच कड्यावर नवसाच्या बकऱ्या आणि तोफेचे गोळे! बेटांची बाजू मांडायला तिथे कोणी राहत नाही, म्हणून त्यांच्या वाट्याला असं काहीही येतं.

दादाने शीड उतरवलं आणि इंजिन हळू लावून कड्याच्या पूर्वेला बोट नेली. तिथे सात-आठ मीटर खोलीचा एक टप्पा आहे. होड्या नांगर टाकायला साधारण अशीच उथळ जागा धरतात, कारण दोर कमी लागतो. काका पुढच्या टोकाला, नाळेवर, नांगर हातात घेऊन उभे राहिले. बारा तास उन्हात बसून माझं अंग आंबलं होतं. कधी एकदा बोट थांबते आणि चहा होतो, असं झालं होतं.

इतक्यात लेक ओरडली, "मामा, थांबा! इथे नांगर नको."

ती बोटीच्या कडेला पालथी पडून, चष्मा लावलेलं तोंड पाण्यात घालून बघत होती. वर येऊन म्हणाली, "खाली सगळं जिवंत आहे."

दोन महिन्यांचा राग कुठेतरी बाहेर पडायचाच होता. मी म्हटलं, "अगं, एवढा मोठा समुद्र! एका नांगराने त्याचं काय बिघडणार आहे? प्रत्येक गोष्टीत तुझा हट्टच का असतो?"

ती काही बोलली नाही. चष्मा माझ्यासमोर धरला. "बघ तरी."

मला पोहता येत नाही. अंगात तरंगण्याचं जाकीट घालून, शिडीची कड घट्ट धरून, काकांनी मागून दंड पकडलेला असताना मी तोंड पाण्यात घातलं. पहिल्यांदा घाबरून बाहेर काढलं. दुसऱ्यांदा डोळे उघडले.

काय दिसलं ते लिहिताना मला मराठीतले शब्द कमी पडतात. खाली बाग होती म्हणावं, तर ती झाडं नव्हती. दगड म्हणावेत, तर ते जिवंत होते. गोल टोपल्यांसारखे, ताटांसारखे, हरणाच्या शिंगांसारखे आकार, आणि त्यांच्यामधून पिवळ्या-निळ्या माशांची ये-जा. आपण अंगठीत पोवळं घालतो, कन्नडमध्ये हवळ म्हणतो. पण ती जात वेगळी. हे समुद्राच्या तळावर घरं बांधणारे प्रवाळ. टाचणीच्या डोक्याएवढे हजारो जीव एकमेकांना चिकटून राहतात आणि चुन्याचं घर उभं करतात. गोल दगडी प्रवाळ वर्षाला जेमतेम एखादा सेंटीमीटर वाढतो, असं लेक वरून सांगत होती. म्हणजे ती टोपली, जी मी एका नजरेत बघून टाकली, ती माझ्या मुलीच्या वयाची होती.

आणि मग मला ती रेघ दिसली. त्या सगळ्या वस्तीमधून हात-दोन हात रुंदीचा एक पट्टा गेला होता. त्यात काही उभं नव्हतं. नुसते तुटलेले पांढुरके तुकडे, खडी टाकल्यासारखे. मी शेतकऱ्याच्या घरात नांदले आहे. नांगराचं तास कसं दिसतं, हे मला कोणी सांगायला नको. कुठल्या तरी बोटीचा नांगर कधीतरी इथे पडला होता आणि वारा फिरल्यावर बोटीने तो तसाच ओढत नेला होता.

सासूबाईंचं वाक्य आठवलं. नाव एक असलं की कामही एक असतं.

मी वर येऊन पदराने तोंड पुसलं आणि दादाला म्हटलं, "दुसरीकडे चल." लेकीकडे मात्र बघितलं नाही. चूक कळणं आणि ती कबूल करणं यांत आमच्या पिढीला जरा वेळ लागतो.

दादाने बोट कड्यापासून लांब नेली. खोली मोजायचं यंत्र आकडे दाखवत होतं: बारा, पंधरा, अठरा मीटर. सुमारे वीस मीटरवर तळाला वाळू लागली. कडा तिथून तीनशे मीटरवर होता. "इथे तुमच्या प्रवाळांची हरकत नाही ना?" दादाने भाचीला विचारलं. ती हसली. नांगर गेला, त्याच्यामागे खडखडत साखळी गेली आणि साखळीमागे दोर.

मी बघत होते. दोर जातच होता. मी विचारलं, "वीस मीटर खोली ना? मग एवढा दोर कशाला?"

दादा म्हणाला, "तुला काय वाटतं, नांगर कशाने धरतो?"

"वजनाने."

"नांगर पंधरा किलोचा, बोट चार टनांची. वजनाने कसा धरेल? त्याचं टोक वाळूत रुतलेलं असतं म्हणून धरतो. ओढ आडवी असली, तर बोट जितकी ओढते तितका तो आणखी रुततो. ओढ वरून आली, तर उपटून निघतो. आणि ओढ आडवी यायची तर दोर लांब लागतो, खोलीच्या पाच पट, जमलं तर सात पट. आखूड दोरावर बोट जास्त घट्ट बांधली आहे असं वाटतं खरं. पहिल्या वाऱ्याला सुटते ती तीच."

दादा ऐंशी मीटरवर थांबला. पाच पट करायचं तर शंभर लागला असता. पण दोर जितका लांब तितका बोट फिरायचा घेरही मोठा, आणि एका बाजूला कडा होता. "मध्ये काहीतरी धरावं लागतं," असं तो म्हणाला आणि चहा टाकायला गेला.

संध्याकाळ फार सुंदर गेली. दुसऱ्या दिवशी दत्तजयंती, त्यामुळे चंद्र जवळजवळ पूर्ण होता. पूर्वेला क्षितिजाशी मुर्डेश्वरच्या बाजूचे दिवे मिणमिणत होते. दिवसा हवा स्वच्छ असेल, तर तिथलं 237 फुटी गोपुर काडीसारखं दिसतं. काकांनी भात आणि बांगड्याचं तिखलं केलं. आम्ही दोघी शेजारी बसून जेवलो, दादाच्या जहाजावरच्या गोष्टी ऐकल्या आणि दोघीही दादाशीच बोललो.

रात्री पहारे वाटून घेतले. दोन ते चार माझा पाळी होती. दादाने सांगितलं, "बोट जागची हलली तर यंत्र वाजेल. पण तू अधूनमधून नाळेवर जाऊन दोराला हात लावत जा. नांगर धरून असला, तर दोर नुसता ताणतो आणि सैल होतो, श्वास घेतल्यासारखा. सरकायला लागला, तर हाताला खरखर लागते. मग मला उठव, विचार करत बसू नकोस."

सव्वातीनच्या सुमारास वारा उलटा झाला. मतलई वारा सुटला होता. बोट हळूच फिरली आणि इतका वेळ पाठीमागे असलेला कडा समोर... नाही, चुकले. आमची नाळ आता किनाऱ्याकडे होती आणि पाठ कड्याकडे. मागे वळून पाहिलं तर चंद्र बेटाच्या मागे उतरत चालला होता आणि त्याच्यापुढे तो कडा शाईसारखा काळा दिसत होता. संध्याकाळी होता त्याच्या दुप्पट जवळ वाटला. लाटा त्याच्या पायाशी आपटल्याचा आवाज येत होता. मी नाळेवर जाऊन दोरावर हात ठेवला.

खरखर लागली. थांबली. पुन्हा लागली, जणू दगडावरून कोणी पोतं ओढतंय.

मी "दादा!" म्हणून ओरडले. तो यायच्या आत लेक आली. काकाही उठले. त्यांनी एकदा तोंड वर करून बघितलं आणि म्हणाले, "वारो फिरलो बाये, नांगर उलटलो." बोट फिरली की ओढ उलट्या दिशेने येते. तेव्हा रुतलेलं टोक कधीकधी निघतं आणि पुन्हा रुतेपर्यंत नांगर तळावरून घसटत जातो. आणि आमची बोट घसटत होती ती सरळ कड्याच्या दिशेने.

"ओढा! दोर ओढा आत!" मी म्हणाले. नुसती म्हणाले नाही, मी दोर दोन्ही हातांनी धरून ओढायला लागलेसुद्धा. कडा मागे होता आणि दोर पुढे. पुढचं घट्ट धरायचं, दुसरं काही सुचलंच नाही.

दादाने इंजिन चालू करायला घेतलं. पहिल्यांदा ते नुसतं खोकलं. तिथूनच तो ओरडला, "दोर सोडा! तीस मीटर आणखी सोडा!"

मला वाटलं, हा झोपेत आहे. दोर सोडला तर बोट आणखी मागे जाणार, कड्याच्या आणखी जवळ! माझे हात सुटेनात. तेव्हा लेकीने माझ्या हातांवर हात ठेवले आणि लहानपणी तिच्या अज्जीजवळ बोलायची तशा कन्नडमध्ये हळू म्हणाली, "अव्वा, हग्ग बिडु."

आई, दोर सोड.

माझे हात उघडले. काकांनी दोर सैल केला. तो सरसर गेला आणि त्या काही क्षणांत बोट खरोखरच मागे गेली. मला कड्यावरच्या झाडांची पानं दिसतात की काय असं वाटलं. मग दोर ताणला. नाळ जराशी खाली दबली आणि बोट थांबली. तोवर दुसऱ्या प्रयत्नाला इंजिन लागलं होतं. दादाने ते चालूच ठेवलं, पण त्याची गरज पडली नाही. लेकीने माझा हात धरून पुन्हा दोरावर ठेवला. खरखर नव्हती. ताण, सैल. ताण, सैल.

दादा यंत्राकडे बघून म्हणाला, "कडा दीडशे मीटर. भरपूर आहे. रात्री सगळं जवळ दिसतं." मग मला म्हणाला, "चूक माझी. कड्याच्या भीतीने मीच दोर आखूड ठेवला होता."

तो आणि काका उजाडेपर्यंत जागेच राहिले. आम्हा दोघींनाही झोप येणार नव्हती. नाळेवर एकाच गोधडीत पाय घालून बसलो. बराच वेळ कोणी बोललं नाही. मी मनाशी म्हणत होते, की ही आता काहीतरी बोलेल, लक्षद्वीपचा विषय काढेल. दादाच्या तोंडून 'चूक माझी' आणि 'आखूड दोर' हे शब्द आले होते, संधी चांगली होती. पण तिने विषय काढला नाही. ती खाली पाण्याकडे बघत होती.

शेवटी मीच विचारलं, "संध्याकाळी ती रेघ पाहिली. तिथे परत काही उगवतं का?"

ती म्हणाली, "तुटके तुकडे लाटेने हलत राहिले, तर त्यांच्यावर काही धरत नाही. हलायचे थांबले, तर धरतं. पण वेळ लागतो. दहा वर्षं, वीस वर्षं. कुठे जास्तही."

"आणि तू तिकडे जाऊन नेमकं काय करणार?"

दोन महिन्यांत हा प्रश्न मी एकदाही विचारला नव्हता. ती सांगू लागली. पाण्याखाली फितीने अंतर मोजून दोरी धरायची, दोरीखाली काय काय आहे ते पाटीवर लिहायचं. किती जिवंत, किती मेलेलं, नव्याने किती आलं. पुढच्या वेळी त्याच जागी जाऊन परत मोजायचं. दगडी प्रवाळांना वन्यजीव कायद्यात 2001 पासून वाघाएवढं संरक्षण आहे. पण वाघ निदान मोजतात तरी, असं ती म्हणाली. बोलताना तिचा आवाज तसाच झाला होता, जसा ह्यांचा आवाज पेरणीच्या दिवसांत गावी गेल्यावर होतो. हे पीक तिच्या आत किती दिवस उभं होतं! मी घरात बसून 'माझ्याजवळ राहा, माझ्याजवळ राहा' म्हणून नांगर टाकत होते, तो कुठे पडतोय ते एकदाही वाकून बघितलं नव्हतं.

हे तिला असं सांगितलं नाही. तेवढं धैर्य नव्हतं. एवढंच विचारलं, "कोचीहून जहाज कधी आहे?"

तिने तारीख सांगितली. मी म्हटलं, "मेतकूट दोन डबे देते. तिकडे मिळायचं नाही."

सकाळी नांगर वर काढला, तेव्हा त्याच्या पात्यावर फक्त करडी वाळू होती. लेकीने ती बोटाने निपटून बघितली आणि काकांकडे पाहून मान डोलावली. बेटावर आम्ही उतरलोच नाही. एक गरुड कड्यावरून उठला, बोटीवर एक फेरी मारून परत गेला. त्याने आम्हाला निरोप दिला की हाकलून लावलं, ते ठरवणं कठीण आहे.

घरी आल्यावर सासूबाईंना सगळं साग्रसंगीत सांगितलं. पाण्याखालची बाग, ती रेघ, रात्रीचा प्रसंग. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "उभ्या पिकात नांगर घालू नये, एवढं शिकायला समुद्रापर्यंत जायला लागलं होय ग तुला?"

जानेवारीत लेक गेली.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण 2024 च्या उन्हाळ्यात तिचा फोन आला. आवाज बसलेला होता. समुद्राचं पाणी महिनोन्‌महिने तापलेलं राहिलं होतं आणि लक्षद्वीपचे प्रवाळ पांढरे पडत होते. पाणी फार तापलं की प्रवाळाच्या अंगात राहून त्याला रंग आणि अन्न देणारं शेवाळ निघून जातं. पाणी लवकर निवलं तर तो जगतो, नाही तर उपाशी मरतो. 1998, 2010 आणि 2016 मध्येही लक्षद्वीपमध्ये हे झालं होतं आणि 2024 मध्ये तर जगभर अनेक समुद्रांत एकदमच झालं. "आई, दोरीखाली सगळं पांढरं आहे. मी नुसतं पांढरं, पांढरं लिहीत जाते," ती म्हणाली.

मला भरून आलं. नेत्राणीला आम्ही एक नांगर वाचवला म्हणून केवढं समाधान मानलं होतं! इथे कुठल्याही नांगराशिवाय अख्खं शेत जळत होतं. तोंडून निघून गेलं, "मग परत ये ग. तू तिथे राहून काय होणार आहे?"

पलीकडे जरा वेळ शांतता होती. मग ती म्हणाली, "काय गेलं आणि काय परत आलं, ते कोणीतरी लिहून ठेवायला हवं ना."

मी 'बरं' म्हटलं. सासूबाई शेजारीच होत्या. त्यांनी खुणेने विचारलं, काय म्हणते? मी म्हटलं, पीक जळालंय, पण राहते म्हणते. त्या पूर्वी कितीतरी कोरडी वर्षं बघून बसलेल्या. त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि नातीला आपल्या कन्नडमध्ये एवढंच विचारलं, "जेवलीस का, बाळा?"

वर्ष संपल्यावर लेक घरी आली, पंधरा दिवस राहिली आणि पुन्हा गेली. या वेळी मेतकुटाचे डबे तीन दिले.